तासाभराची चार मिनिटं

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. ती कबूल करायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी काय काय उद्योग केले ते ऐकलंत की तुम्हीही मला चार शब्द सुनावणार. सुनावा. बायकोचं सुनावून झालं, बहिणीचं झालं, आता तुमचीच काय ती कसर राहिली आहे.

माझा धंदा असा की लोक जुन्या कॅसेटी, कॅमेऱ्यांची कार्डं आणि धड न उघडणाऱ्या फायली घेऊन येतात आणि मी त्यांतलं चित्र सोडवून देतो. घराची रस्त्याकडची खोली हेच दुकान. तीन कॅसेट प्लेअर आहेत. त्यांतला एक चालतो, उरलेले दोन त्याला सुटे भाग पुरवतात. येतं ते बहुतेक लग्नाचं नाहीतर शाळेच्या नाटकाचं चित्रण. तीन तासांच्या लग्नात अडीच तास काही घडतच नाही हो! कुणीतरी खुर्चीवर बसलेलं असतं, वर पंखा फिरत असतो, आणि कॅमेरा आपला ते टिपत असतो. ते सगळं मी कापतो. रिकामं काढून टाकायचं, जागा वाचवायची, हे माझं ब्रीद. तीस वर्षं मी लोकांच्या आयुष्यातलं रिकामं काढत आलो आणि मला त्याचा अभिमान होता.

'होता' म्हणालो, हे लक्षात ठेवा.

आता बायको. तिची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. आवाज असा, की भांडायला फोन केलेला माणूस आभार मानून फोन ठेवायचा. निवृत्त झाल्यापासून तो आवाज ऐकायला घरात मी एकटा, आणि मला तो बहुतेक वेळा दोनच शब्द ऐकवतो, "गोड नको." डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहिली आणि माझ्या तोंडातली काढून घेतली. त्यांचं काम तिथं संपलं, हिचं सुरू झालं.

तर वाचनालयाला एक वाचक हवा होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं वाचून ती ध्वनिमुद्रित करतात. बायकोनं नमुना दिला. आवाज सगळ्यांना आवडला. पण त्या आवाजामागे खुर्चीची करकर होती, पेनाची टकटक होती, आणि एका ठिकाणी चक्क ड्रॉवर उघडून बंद केल्याचं ऐकू येत होतं. कारण हिच्या पायाला भिंगरी. चहाचा कप तोंडाला लावते आणि तो संपायच्या आत दोन उशांचे अभ्रे बदलून येते.

वाचनालयाची चिटणीस म्हणजे माझी थोरली बहीण. ताई घरी आली आणि खुर्चीत न बसताच म्हणाली, "आवाज सोन्यासारखा आहे गं तुझा. पण तू तासभर एका जागी बसशील तर शपथ! एक काम कर. एक तास न हलता बसल्याचं चित्रण मला दे. न कापलेलं. शनिवारी दुपारी बाराच्या आत. बाराला यादी समितीकडे जाते. बसलीस तर तुझं नाव मी माझ्या हातानं लिहीन, नाहीतर माझी शेजारीण आहेच."

ताईची शेजारीण मला माहीत आहे. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, पण बसते मात्र दगडासारखी.

त्या संध्याकाळी बायको मला म्हणाली, "अहो, मला हे काम पाहिजे. सगळा जन्म लोकांचे फोन जोडून दिले, माझं असं कुणी ऐकलंच नाही. मला कुणीतरी ऐकावंसं वाटतं." असं ती सहसा बोलत नाही. मी म्हणालो, "बसशील गं." आणि मनात म्हणालो, काही बसत नाही.

शनिवारी दहाच्या ठोक्याला ती मागच्या खोलीत जाऊन उंच पाठीच्या खुर्चीत बसली. जाताना मला बजावून गेली, "अकरापर्यंत तिकडे फिरकायचं नाही."

"मी कशाला फिरकतोय!" मी म्हणालो. म्हणताना ते खरं होतं.

पण त्या खोलीत, त्या खुर्चीच्या मागे, एक कपाट आहे आणि कपाटात बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, गोल. ताईनंच दिलेला, पाहुण्यांसाठी. वरती साखरेचे कण असलेली बिस्किटं. त्या कपाटाचं दार नुसतं कुरकुरलं तरी बायको घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून विचारते, "काय हवंय?" आणि आज, एक तासभर, तिला विचारता येणार नव्हतं. विचारलं तर ती हलणार, हलली तर नापास. माणसाच्या आयुष्यात अशी संधी एकदाच येते.

मी दाराच्या फटीतून डोकावलो. तिच्या समोर टेबलावर फुलदाणीला टेकवून फोन उभा केलेला. फोनचा डोळा त्या अंतरावरून किती बघतो हे मला पाठ आहे, पोटासाठी तेच केलंय. तिचा चेहरा, खांदे, खुर्चीची पाठ, बस्स. कपाट त्याच्या डावीकडे दोन हात बाहेर. मी चपला काढल्या आणि भिंतीला घासून आत गेलो.

एक बिस्कीट. मग वाटलं, डबा उघडलाच आहे तर. पण घाई नको म्हणून परत दुकानात आलो, खाल्लं, तोंड पुसलं. दहा मिनिटांनी परत गेलो. असा एकूण सहा वेळा गेलो. चौथ्या वेळी झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर असं खणखणलं की शेजारच्यांनीही मान वळवली असेल. मी जागच्या जागी थिजलो. एक पाय पुढे, हात वर. बायकोनं मान वळवली नाही. मला वाटलं, बसल्या बसल्या झोपली असणार. चांगला मिनिटभर तसाच उभा राहिलो, मग झाकण उचललं, आणि उचललंच आहे तर म्हणून दोन बिस्किटं घेतली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ती दुकानात आली. चेहरा असा फुललेला की मी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"बसले!" ती म्हणाली. "पुरता एक तास. नाकावर माशी बसली तरी हलले नाही. हे घ्या, ताईंसाठी दुसऱ्या कार्डावर उतरवून द्या."

तिच्या हातात फोन नव्हता. नखाएवढं काळं कार्ड होतं.

"हे कसलं?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याचं. फोनमध्ये जागाच नव्हती. जागा नाही, जागा नाही म्हणून तुम्हीच ओरडत असता ना? म्हणून दारावरचा कॅमेरा काढला आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवला. फोन नुसता घड्याळासाठी होता."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दारावरचा तो कॅमेरा मी स्वतः निवडून आणलेला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो. घरातल्या खोलीचे तर तो चारही कोपरे एका दमात गिळणार.

कार्ड लावलं. एकच फाइल. तिच्यापुढे लांबी लिहिलेली: तीन मिनिटं बावन्न सेकंद.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा वाटला तो आनंदच. साठातली चार मिनिटं, म्हणजे त्यात मी नसण्याची शक्यता भरपूर. मग मी बायकोकडे पाहिलं आणि तो आनंद विझला.

"चारच?" ती म्हणाली. "असं कसं? अहो, मी तासभर बसले होते हो."

"थांब. घाबरू नकोस. फाइल आखूड निघायची कारणं असतात आणि ती मला तोंडपाठ आहेत."

आहेतच. कधी लांबीचा आकडाच खोटा असतो, आत सगळं शाबूत असतं. मी फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली. तीन बावन्न. कधी कॅमेरा मोठ्या चित्रणाचे तुकडे करतो आणि आपल्याला एकच दिसतो. कार्ड तळापासून खरवडलं, दुसरा तुकडा नाही. कधी फाइल नीट मिटतच नाही.

"बंद कसा केलास? बटण दाबून की वायर ओढून?"

"बटण दाबून. तुमच्यासारखी नाही ओढत मी."

मग शेवट शाबूत असायला हवा. कधी चित्र भरभर पळतं म्हणून तास चार मिनिटांत उरकतो. त्यासाठी चालवून बघणं आलं. मी श्वास रोखून पहिली दहा सेकंदं चालवली. कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ. बायको खुर्चीत बसतेय, चष्मा सारखा करतेय. दहा वाजून एक सेकंद, दोन सेकंद, तीन. वेळ आपल्या चालीनंच चालला होता. फाइलचं वजनही बघितलं, ते चार मिनिटांपुरतंच होतं. म्हणजे छप्पन्न मिनिटं कुठे दडलेली नव्हती. ती कार्डावर उतरलीच नव्हती.

तेवढ्यात आतून फोन वाजला. "ताईच असणार," म्हणत बायको आत गेली आणि मी पुढचं चालवलं.

विसाव्या सेकंदाला चित्रानं उडी मारली. घड्याळ एकदम दहा वाजून आठ मिनिटांवर. दार हळूच उघडलं आणि एक म्हातारा आत आला. चवड्यांवर, ढोपरं वाकवून, हात पंजासारखे पुढे धरून. डोक्यावर मागे बशीएवढं टक्कल. मी मागून असा दिसतो हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

म्हातारा डबा उघडून गेला, चित्र तुटलं, घड्याळ अठरा मिनिटांवर. दार उघडलं. म्हातारा पुन्हा हजर. चार मिनिटांतली तीन मिनिटं हाच प्रकार. छप्पन्न मिनिटं गिळणाऱ्या त्या मेल्या कॅमेऱ्यानं माझ्या सहाच्या सहा फेऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या होत्या, एक वजा नाही.

आणि मग ती चौथी फेरी आली. घड्याळ दहा सदतीस. झाकण पडलं, मी थिजलो. पण पुढच्याच क्षणी पडद्यावरचा मी वाकून झाकण उचलत होतो, आणि घड्याळ दहा अडतीस दाखवत होतं. मी पुन्हा मागे घेऊन पाहिलं. मी मिनिटभर उभा होतो ना? ढोपरात कळ आली होती, चांगलं आठवतंय. ते मिनिट गेलं कुठे? मी उभा होतो ते गेलं आणि हललो ते राहिलं.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात म्हणतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला हा बिघाड सापडला नसता, कारण ते मिनिट त्याच्या ढोपरांत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कॅमेरा दारावर ठोकताना मीच त्याला सांगितलं होतं की समोर काही हललं तरच चित्र घे, नाहीतर गप्प पड. रिकामी गल्ली कशाला साठवायची? जागा वाचवायची ना! त्यानं मालकाचा हुकूम पाळला. बायको हलत नव्हती, म्हणून त्याच्या दृष्टीनं खोली रिकामी होती. ती जितकी चांगली बसली, तितकी फाइल आखूड झाली.

म्हणजे कारण सापडलं होतं, आणि ते सांगायचं तर आधी बिस्किटं सांगावी लागणार होती.

बायको परत आली. "ताई म्हणतात, बारा म्हणजे बारा. त्या स्वतःच येतायत पावणेबाराला, कार्ड न्यायला. सापडलं का काही?"

घड्याळात अकरा वीस झाले होते. पुन्हा बसायचं तर तास कुठून आणणार?

"कार्ड गेलं," मी म्हणालो. "जुनं झालं होतं. होतं असं कधी कधी."

ती गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली. हात मांडीवर, नजर समोरच्या कॅसेटींवर. भिंगरी कुठे गेली कोण जाणे, ती हललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी बसले होते ते कुणाला दिसणारच नाही."

माझ्या पोटात सहा बिस्किटं होती, चौथ्या फेरीचं जास्तीचं धरून सात.

"हे बघ," मी घाईघाईनं म्हणालो, "मी दहा मिनिटांत तासाची फाइल करून देतो. तुझं एक चित्र घ्यायचं आणि तासभर ताणायचं. ताईच्या बापालाही कळणार नाही." ताईचा बाप म्हणजे माझाही बाप, हे बोलून गेल्यावर आठवलं.

"मी खरीच बसलेय," बायको म्हणाली. "खोटी बसलेली कशाला पाठवू?"

मी पडदा तिच्याकडे वळवला आणि फाइल पहिल्यापासून लावली. "कार्डाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "कॅमेरा हललं तेवढंच टिपतो. मीच तसं लावलेलं. आणि खोलीत जे हलत होतं ते… तू बघच."

तिनं पाहिलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद इतकी लांब असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेवटी पडद्यावरची ती खुर्चीतून उठून कॅमेऱ्याकडे आली आणि चित्र थांबलं.

"सहा," ती म्हणाली. "मीही सहाच फेऱ्या मोजल्या होत्या."

"तू… तुला ऐकू येत होतं?"

"एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढलीय मी. चार खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकू येते मला. तुम्ही तर झाकण पाडलंत."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर हलले नसते का?" ती म्हणाली. आणि मग, "दुसऱ्या वेळी ओठांपर्यंत आलं होतं हो. चौथ्या वेळी तर वाटलं, जाऊ दे ते वाचन, उठून आधी यांच्या हातातला डबा काढून घ्यावा. डोळे मिटून घेतले आणि बसले."

इतकी वर्षं जिला एका जागी बसता येत नाही म्हणून मी हसत आलो, ती माझ्या डबा उघडण्याच्या आवाजात बसून राहिली होती. मला लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत.

ती पडद्याकडे बघतच होती. "म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या हिशेबी तासभर त्या खोलीत तुम्हीच होतात. मी नव्हतेच."

"तसं नाही गं…"

"तसंच आहे. घरातही तसंच आहे." पण ती रागावली नव्हती. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. एखादा अवघड फोन जोडायचा मार्ग सापडला की तिचे डोळे असे व्हायचे. "पुन्हा लावा," ती म्हणाली. "आणि या वेळी स्वतःकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

मी लावलं. आणि खरोखर पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. सहाही वेळा मागे म्हातारा वाकतोय, चाचपडतोय, चोरतोय, आणि पुढे ती. तेच खांदे, तीच मान, मांडीवर तेच हात. झाकण पडलं तेव्हा कपाटाचं दारही थरथरलं, पण ती नाही.

"तुम्ही आला नसतात," बायको म्हणाली, "तर माझ्या बसण्याचा एकही पुरावा राहिला नसता."

पावणेबाराला ताई आली. छत्री, पिशवी, चष्म्याची दोरी, सगळ्यासकट. बायकोनं तिला स्टूल दिलं आणि मी फाइल लावली. ताईनं पहिली फेरी पाहिली, दुसरी पाहिली, मग पडदा सोडून माझ्याकडे पाहिलं.

"तो डबा मी पाहुण्यांसाठी दिला होता."

"कुणी येतच नाही गं," मी म्हणालो. "बिस्किटं मऊ पडत होती."

"मेल्या, लहानपणापासून तुझं हेच! आणि हे चार मिनिटांचं काय? मी तास मागितला होता. कापणं हाच तुझा धंदा. बायको हलली तिथं तिथं कापलं नसशील कशावरून?"

"कापायचं असतं तर ताई, मी कुणाला कापलं असतं?" मी म्हणालो.

ताईला हिशेब पटला होता, कॅमेरा पटला नव्हता. तेव्हा बायको म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? ताई, आपण तिघं पाच मिनिटं त्याच्यापुढे बसू. कुणी हलायचं नाही. तुम्हीच बटण दाबा, तुम्हीच बंद करा."

मी कॅमेरा दुकानाच्या फळीवर ठेवला. आम्ही दोघं बाकावर आणि ताई मधोमध स्टुलावर, परीक्षकाच्या रुबाबात. पाच मिनिटं झाली, ताईनं बटण दाबलं, मी कार्ड लावलं. फाइल दोन मिनिटं चाळीस सेकंदांची निघाली.

"बघ," मी म्हणालो, "घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलंय. मधलं सगळं त्यानं टाकलं, कारण कुणीच हललं नाही. आणि जेव्हा कुणीतरी हललं…"

त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत ताई होती. ताईनं पिशवी उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे ठेवली. ताईनं चष्म्याची दोरी सारखी केली. ताईनं मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं. शेवटी ताईनं हात लांब करून माझ्या सदऱ्यावरचा बिस्किटाचा चुरा झटकला, आणि त्या धक्क्यानं मी हललो तेवढं माझं दर्शन. बायको कुठेच हललेली नव्हती.

ताईनं ते सगळं पाहिलं. मग पिशवीतून यादी काढली, पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. "चिटणिसानं तासभर बसावं अशी अट नाहीये," ती मला म्हणाली, मी काही बोललो नसताना. दारातून वळून बायकोला म्हणाली, "बुधवारपासून सुरू कर. आणि तो डबा मी घेऊन जाते."

"राहू द्या," बायको म्हणाली. "मला लागणार आहे."

कशाला, ते मला जेवणानंतर कळलं. मागच्या खोलीत तीच खुर्ची, फळीवर तोच कॅमेरा, आणि माझ्या मांडीवर तो डबा, झाकण काढलेला. "एक तास," बायको म्हणाली आणि दार ओढून गेली. काय सांगू तुम्हाला! पहिल्या मिनिटाला नाक खाजलं, दुसऱ्याला पाठ, तिसऱ्याला असे अवयव खाजू लागले की जे मला आहेत हेच मी विसरलो होतो. बिस्किटाला हात लावला नाही. पण बघितलं, वास घेतला, डबा या मांडीवरून त्या मांडीवर केला. संपल्यावर बायकोनं स्वतः कार्ड लावलं.

या वेळी फाइल काही आखूड निघाली नाही. एक्कावन्न मिनिटं भरली.

"नऊ मिनिटं तरी बसलात की," बायको जरा कौतुकानंच म्हणाली. त्या नऊ मिनिटांत मला डुलकी लागली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता दर बुधवारी ती दुकानातच वाचते. रस्त्याकडची खिडकी बंद, पंखा बंद, पुस्तक समोर. फाइल तयार करून वाचनालयात पाठवणं माझ्याकडे. पहिल्या बुधवारी सवयीनं माझा हात कापायला गेला. वाक्य संपल्यावर ती थांबते, पान उलटायच्या आधी श्वास घेते, दुःखाचं काही आलं तर पुढचं वाक्य जरा उशिरा सुरू करते. एक बटण दाबलं असतं तर ते सगळं रिकामं निघून गेलं असतं आणि सात मिनिटं वाचली असती. मी हात मागे घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच ऐकलं. किती वर्षांनी तिला असं ऐकलं, ते विचारू नका.

डब्यात आता बिनसाखरेची खारी बिस्किटं असतात आणि तो दुकानातल्या खालच्या खणात असतो. परवाच्या बुधवारी वाचन संपवून तिनं चष्मा काढला आणि विचारलं, "किती भरली?"

"एक तास दोन सेकंद."

"मी तर बरोबर तासाभराची पानं मोजून घेतली होती. दोन सेकंद कसले?"

"एकेचाळिसाव्या मिनिटाला तू थांबलीस," मी म्हणालो. "माझ्या हातून झाकण वाजलं होतं."

"मग ते कापा," ती म्हणाली.

मी कापलं नाही.